प्रेमिलाबाईनं ऐकलेलं रान

जळणं म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर आमच्या नवेगाव बांधच्या प्रेमिलाबाईला पाहावं. मी तिची शेजारीण, सगळं माझ्याच कानावर यायचं. घरात धान होतं, नवरा शब्दाबाहेर नव्हता. पण धाकटी जाऊ वच्छला आली आणि हिच्या पोटात दुखायला लागलं.

भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या चैत्रातली गोष्ट. दोघी पहाटे रानात मोहफुलं वेचायला जायच्या. वच्छलेची टोपली शिगोशीग, हिची अर्धी. सासू अनुसयाबाई म्हणायची, "वच्छलेचे हात सोन्याचे हायेत." प्रेमिलाच्या हातांबद्दल इतक्या वर्षांत ती चकार शब्द बोलली नव्हती. तो एक शब्द हिला हवा होता.

"मंतर मारते ते," प्रेमिला मला म्हणाली. "रानात डोये मिटून उभी राहाते. पायतेच मी आता!"

चोरून मागे जायचं, तर पायातले तोडे वाजणार. सवाशिणीनं ते काढायचे नाहीत, म्हणून तिनं त्यांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. तोंडही मिटलं. तिच्यासारख्या बडबडीला हे तर फारच अवघड!

दुसऱ्या पहाटे वच्छलेला पुढे जाऊ देऊन ती पाऊल दाबत मागून चालली. पाला चुरचुरला की थांबायची. बांधाकडून पाणकोंबडी ओरडली. पुढे वच्छला डोळे मिटून थांबली आणि उजवीकडे वळली. तेवढ्यात प्रेमिलाला डावीकडून आवाज आला, टप्, टप्. फुलं गळत होती. मंतर नव्हताच, वच्छला नुसती ऐकत होती. आजवर आपल्याच बडबडीत हे रान आपण ऐकलंच नाही, याचा प्रेमिलाला संताप आला. मग तो तिनं मनातल्या मनात वच्छलेवर काढला, कारण ते सोपं होतं. आणि ती डावीकडे गेली.

भरलेली टोपली तिनं सासूपुढे ठेवली.

"वच्छलेनं देल्ली वाटते?" सासू म्हणाली.

"नाही वो आत्याबाई," वच्छला म्हणाली. "बाई डावीकडं वळली ते मले आयकू आलं, मी तिकडं गेलीच नाही. बाईनं सोताच वेचली. माह्यापेक्षा जास्त हायेत, त्यायच्या हातायले बी चांगलं म्हना ना!"

सासू म्हणाली, "चांगले हायेत वो तुहेबी हात."

जरा वेळानं पाहते, तर प्रेमिला माझ्या ओसरीवर रडत बसलेली.

"काऊन रडून राहिली वो? चांगलं बोलली ना सासू?"

"बोलली. पन वच्छलेनं बोलाले लावली. आता मी त्या बाईशी भांडू कशी?"