आठ गाणी, दोन ड्रमर

आमचा पहिला अल्बम आठ गाण्यांचा. गाणी मी लिहिलेली, गाणारीही मीच. इंदिरानगरमधल्या एका छोट्या स्टुडिओत तीन गाणी झाली आणि चौथ्यावर काम अडलं. ड्रम्स मागे पडत होते.

ड्रमर दहा वर्षं माझ्यासोबत होता. सिन्नरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करायचा आणि सुट्टीला सरावासाठी नाशकात यायचा. मराठीत रॉक म्हटल्यावर लोक हसायचे, तेव्हा हा एकटा हसला नव्हता. पण चौथ्या गाण्याचे वीस टेक झाले, तरी शेवटच्या कडव्यात त्याचा उजवा हात ढिला पडायचाच. तो गेल्यावर रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दुसरं कुणीतरी बघा, मॅडम."

मी तीनदा ड्रमरचा नंबर काढला, तीनदा फोन ठेवून दिला. शेवटी 'या आठवड्यात स्टुडिओ बंद आहे' असा मेसेज त्याला टाकला आणि ड्रम्स शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं.

मंगळवारी दुपारी त्या त्याच्याच ड्रम्सवर बसल्या. आमचा गिटारिस्ट माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. पहिल्याच टेकला गाणं कसं सरसर पुढे निघालं! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात दार उघडलं. कंपनीचा शर्ट अंगावर तसाच, तो दारात उभा.

"स्टुडिओ बंद हाय ना, म्हटलं ड्रम्स घरी घेऊन जावं."

काचेपलीकडे बाई वाजवतच होत्या. रेकॉर्डिस्ट थांबवायला गेला.

"नको. वाजवू दे त्यांना."

गाणं संपेपर्यंत तो उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी खाली बघत होते. त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडलेली दिसली.

"हाताला काय झालंय?"

"सहा महिने झाले. मशीनवर बधिर पडत्यात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस?"

तो आत गेला. बाई गडबडून उठल्या. त्यांना बसा म्हणाला, सैल झालेल्या एका ड्रमचे स्क्रू डाव्या हाताने पिळून तो ताणून दिला आणि बाहेर आला. "अल्बम होईपर्यंत राहू दे इथं." मी रस्त्यापर्यंत मागे धावले. त्याने वळून पाहिलं नाही.

परत आले तर गिटारिस्ट गिटार बॅगेत घालत होता. "त्याला काढलंस, ठीक. पण असं काढायचं?" एवढंच बोलून तोही गेला.

नवा गिटारिस्ट मिळायला दोन महिने लागले. अल्बम पुरा झाल्यावर मी सिन्नरला गेले. हाताचं ऑपरेशन होऊन तो घरीच होता. मी माफी मागितली. आठही गाण्यांवर त्याचं नाव टाकते म्हणाले.

"मी वाजवली तीन. तिनावरच टाक. खैरात नको मला."

"चुकलंच माझं."

"लय उशिरा आलीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. त्याच्या बायकोने चहा आणला. चहा पिऊन मी निघाले.

अल्बमवर तीन गाण्यांना त्याचं नाव आहे. हात आता बरा आहे म्हणे. तो आणि आमचा जुना गिटारिस्ट मिळून रविवारी सिन्नरमध्ये वाजवतात, असं कानावर आलं. मला त्यांनी बोलावलेलं नाही.