डॉक्टरांची सोवळ्यातली चाकं

पिठाच्या गिरणीत कितीही झाडलं तरी पीठ कुठं ना कुठं साचतंच. भुवईत साचतं, कानात साचतं, देवाच्या फोटोमागं साचतं. किश्श्यांचंही तसंच असतं. राजूरला माझी गिरणी होती, आणि दळण होईपर्यंत माणसांना बसायला दुसरी जागा नव्हती. त्यामुळं धान्य लोक घरी घेऊन जायचे आणि किस्से माझ्याकडे ठेवून जायचे. आता गिरणी नाही, पण हे किस्से अजून झटकले जात नाहीत.

आमचं टोळकं तिघांचं. मी, माझ्या गिरणीचं इंजिन सांभाळणारे इब्राहिमभाई मिस्त्री आणि गुरांचे डॉक्टर मधुकर. काळ सत्तर-एकाहत्तरचा. डॉक्टर तरुण, सरळ आणि बिनलग्नाचे. त्यांनी नगरच्या लष्करी लिलावातून एक जुनी फटफटी उचलून आणली होती. ती बघून इब्राहिमभाईंचे डोळे जे चमकले, ते पुढं वर्षभर विझलेच नाहीत. अडचण एवढीच होती की इब्राहिमभाईंना गिरणीच्या इंजिनाशिवाय दुसरं इंजिन माहीत नव्हतं.

*

डॉक्टरांना श्रीरामपूरहून स्थळ सांगून आलं. मुलीचं नाव शालिनी. वडील मार्केटातले धान्याचे अडते, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. डॉक्टर बघायला निघाले फटफटीवर. आता राजूरच्या वरच्या वाड्या म्हणजे नुसता खडा चढ. तिथं गाडी चढावी म्हणून आदल्याच आठवड्यात इब्राहिमभाईंनी मागच्या चाकाला चेनचं भलंमोठं चक्कर बसवलं होतं. गाडी भिंतीवरसुद्धा चढली असती, पण सपाटीला तिला पळताच येईना. इंजिन बोंबलायचं आणि गाडी आपली रमतगमत चालायची.

श्रीरामपूर जवळ आलं तेव्हा सूर्य कलला होता. कारखान्याला ऊस टाकून परत चाललेली एक बैलगाडी मागून आली आणि गाडीवान बराच वेळ यांच्या मागं मागं चालला. शेवटी त्यानंच अदबीनं विचारलं,

"सायेब, घाई न्हाई ना तुमाला? मंग मी पुढं हू का?"

डॉक्टर पोचले तेव्हा पोहे तिसऱ्यांदा गरम करून झाले होते. पण शालिनीला डॉक्टर आवडले आणि डॉक्टरांना ती इतकी आवडली की परत येऊन त्यांनी दोन दिवस आम्हाला दुसरं काही बोलू दिलं नाही. तात्यांनी मात्र अट घातली. पोरगी डोंगरात द्यायची तर दर महिन्याला ती सडकेनं माहेरी आली पाहिजे, आणि डोंगरातली नोकरीही बिनघोर चालली पाहिजे. दोन्ही एकाच गाडीवर होत असेल तर बघू. नसेल तर कोपरगावचा एक जीपवाला नवरदेव तयारच होता.

तेव्हापासून डॉक्टरांचं लग्न इब्राहिमभाईंच्या हातात गेलं. डॉक्टरांना ते कळलं नाही, हे त्यांचं नशीब.

*

पहिला प्रश्न टायरचा. गुळगुळीत टायर डोंगरात घसरायचं. डॉक्टर एका म्हशीच्या बाळंतपणाला वाडीवर गेले होते, येष्टीनं आणि पुढं पायी. गाडी गिरणीत होती. तेवढ्या वेळात इब्राहिमभाईंनी दगडू लोहाराचा सल्ला घेतला. दगडूचं म्हणणं साधं होतं. बैलगाडी डोंगर चढते का नाही? चढते. का चढते? चाकाला लोखंडाची धाव असते म्हणून.

मी पीठ चाळत होतो, नाहीतर मी आडवा आलो असतो. बाहेर येऊन बघतो तर फटफटीचं चाक जमिनीवर आडवं, शेजारी गोवऱ्यांच्या जाळात धाव लालबुंद झालेली, आणि दोघं सांडशीनं ती उचलून चाकावर बसवताहेत. बायका पाण्याचे हंडे घेऊन तयार होत्या. लाकडाच्या चाकावर अशीच धाव चढवतात, वर पाणी ओतलं की आवळून घट्ट बसते. इथं पाण्याची वेळच आली नाही. आधी वास आला, मग धूर आला आणि मग असा बार झाला की बाजारातली कोंबडी पाटलाच्या माडीवर जाऊन बसली.

धूर विरल्यावर दगडूनं वाकून चाकाकडं बराच वेळ पाहिलं. मग मान हलवून म्हणाला,

"हे चाक कोन्या सुताराचं हाय? लई कच्चं केलंय."

*

जळलेल्या टायरचा तोडगा इब्राहिमभाईंनी माझ्या जिवावर काढला. गिरणीचा जुना पट्टा कापून त्याचे चौकोनी तुकडे त्यांनी दुसऱ्या एका जाड टायरवर बोल्टनं आवळले. पट्टा तसा जुना नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. पण चाक डोंगरात असं धरायला लागलं की बोलायची सोय राहिली नाही.

तेच चाक डांबरावर आलं की डॉक्टरांच्या दाढा वाजायच्या. म्हणून मग चाकांच्या दोन जोड्या झाल्या. डोंगराच्या जोडीला पट्ट्याचे तुकडे आणि मागच्या चाकाला चेनचं मोठं चक्कर. सडकेच्या जोडीला गुळगुळीत टायर आणि लहान चक्कर. जिथं कच्ची वाट संपून डांबर लागायचं तिथं एक चहाचं हॉटेल होतं. डॉक्टर तिथं थांबून चाकं बदलायचे आणि काढलेली जोडी हॉटेलात ठेवून पुढं जायचे.

हॉटेलवाल्याची बायको कडक. सडकेची चाकं तिनं आत, देव्हाऱ्याच्या भिंतीला खुंटीवर टांगून घेतली. डोंगराची चाकं शेणामातीनं भरलेली, ती तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. वर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची,

"ती भाईर ऱ्हाऊ द्या. आतली सोवळ्यातली हायेत."

झालं. डॉक्टरांची सोवळ्यातली चाकं हा शब्द तालुकाभर झाला. एकदा एक म्हातारा तर जाता जाता आत शिरून चाकांना हात लावून पाया पडला, आणि डॉक्टरांना म्हणाला की गाय गाभण राहत नाही, तेवढं बघा.

*

मग ओढ्याचा प्रश्न आला. वाडीच्या वाटेवरचा ओढा ओलांडताना सायलेन्सरमध्ये पाणी शिरायचं आणि गाडी मधेच बसायची. डोंगरात जाताना सायलेन्सरला जोडायला इब्राहिमभाईंनी एक उभी नळी केली, थेट डॉक्टरांच्या खांद्यापर्यंत. इथवर शहाणपण होतं. पण गिरणीच्या धुराड्यावर असतं तसं एक लहान गाडगंही त्यांनी तारेनं तिच्या टोकाला बांधलं.

गाडग्यामुळं गिरणीचा पुक-पुक असा आवाज होतो, आणि तो लांबवर जातो. आमच्याकडं घड्याळ बघून कोणी दळणाला येत नसे. आवाज आला की गिरणी चालू, बायका पाट्या उचलून निघायच्या. फटफटीवर ते कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं. इब्राहिमभाई म्हणाले, "गाडग्याबिगर इंजिनाला करमत न्हाई."

डॉक्टर लस टोचायला वाडीवर गेले. एरवी गुरं गोळा करायला त्यांना घरोघर हिंडावं लागायचं. त्या दिवशी पुक-पुक करत गाडी वर पोचली आणि प्रत्येक घरातून बाई बाहेर आली. डॉक्टरांना भरून आलं. लोकांना लसीचं महत्त्व पटलं असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की जनावर एकही नाही आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नागलीची, म्हणजे नाचणीची, पाटी आहे. गिरणीच वर आली अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ही गिरणी नाही, गाडी आहे, यात दळता येत नाही. सगळ्यात पुढं ठकूआजी होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग वाजवतूस कशाला?"

 डॉक्टर मुकाट्यानं गाडीला दोन पोती बांधून खाली आले, माझ्याकडून दळून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पीठ वर पोचवलं. मग तो पायंडाच पडला. डॉक्टर वर जायचे लस टोचायला आणि खाली यायचे दळण घेऊन. माझा धंदा वाढला. पट्ट्याचं दुःख मी तेव्हापासून जरा कमी बोलतो.

*

लग्न अजून लोंबकळतच होतं. डॉक्टर कधीमधी श्रीरामपूरला जायचे, तात्यांच्या दुकानासमोर गाडी लावायचे आणि तात्या गाडीकडं वाकडं बघायचे. एकदा दारातच चाक पंक्चर झालं. डॉक्टर घाम पुसत खाली बसले तर शालिनीनं पदर खोचला, त्यांच्या हातातला पाना घेतला आणि चाक कसं काढायचं ते दाखवा म्हणाली. भर बाजारात! हमाल पोती खाली ठेवून बघत उभे राहिले. तिनं चाक काढलं आणि परत चढवलंही.

पुढचं डॉक्टरांनी आम्हाला गिरणीत बसून सांगितलं. ती हळूच म्हणाली होती, "तात्या जीपवाल्याला होकार द्यायला निघालेत. मला तुमच्याकडंच यायचंय. काय करायचं ते लवकर करा."

 इब्राहिमभाईंनी टोपी काढली आणि ते म्हणाले, तात्यांना एकदा वर न्यायचं, श्रीरामपूरपासून वाडीपर्यंत, मागं बसवून. मला ते ऐकूनच धडकी भरली. कारण गाडी कोणी केली होती ते मला माहीत होतं.

*

तात्या आले. धोतर, कोट, टोपी, आणि मागच्या सीटवर उशी. सडकेला गाडी पाण्यासारखी पळाली. तात्या हॉटेलवर उतरले तेव्हा खुशीत होते. डॉक्टर चाकं बदलायला बसले आणि तात्या त्यांच्या डोक्यावर उभे राहून चौकशा करायला लागले. घर कसं आहे, पाणी कुठून आणता, साप निघतात का. डॉक्टर उत्तरं देता देता घामाघूम झाले. त्या गडबडीत पुढचं चाक डोंगराचं लागलं, उभी नळी आणि गाडगं लागलं, आणि मागचं चाक सडकेचंच राहिलं. सगळा जोर मागच्या चाकाचा, आणि तेच नेमकं सोवळ्यातलं!

मी आणि इब्राहिमभाई आधीच वर जाऊन वाडीखालच्या चढाला कारवीच्या झुडपांआड बसलो होतो. सोबत दोर होता. गाडी अडलीच तर तात्यांच्या नकळत ओढायची, असा इब्राहिमभाईंचा बेत. मागं बसलेल्या माणसाच्या नकळत गाडी कशी ओढतात, हे मी विचारलं नाही.

ओढा पार झाला. चढ लागला. अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली आणि मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. तात्या उतरले. डॉक्टरांनी मागं वळून पाहिलं आणि चूक त्यांच्या लक्षात आली. चेहरा पिठासारखा पांढरा झाला. इंजिन बंद पडलं तर सगळंच संपलं असं वाटून ते नुसतेच उभे राहून गाडीची मूठ पिळत राहिले. गाडी जागची हलेना आणि गाडगं मात्र डोंगरभर पुक-पुक करत राहिलं. मला त्यांच्याकडं बघवेना. इब्राहिमभाईंनी तर डोळेच मिटून घेतले.

आणि मग वरून पहिली पाटी दिसली. तिच्या मागं दुसरी. मग पलीकडच्या वाडीची वाट भरली, मग त्याच्या पलीकडची. कुठं टोपली, कुठं पोतं, कुठं लुगड्याच्या ओच्यात बांधलेलं. बायका ओळीनं उतरत आल्या आणि डॉक्टरांसमोर एकेक करून नागली ठेवत गेल्या.  रोजचंच होतं.

तात्या जन्माचे अडते. त्यांनी पहिल्या पाटीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढले, फुंकर मारली आणि दोन दाणे दाताखाली फोडून बघितले. मग ओळीच्या शेवटापर्यंत नजर टाकली. शेवट दिसत नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली.

"बंद करा ती गाडी," ते डॉक्टरांना म्हणाले. "ती चढंल न्हाईतर ऱ्हाईल. ज्या मानसाचा नुसता आवाज ऐकून एवढं धान्य चालत येतंय, त्याच्या घरी माझी पोरगी उपाशी ऱ्हायाची न्हाई. कोपरगावला मी नकार कळवतो."

डॉक्टरांचे डोळे भरले. कारवीच्या आड इब्राहिमभाईंनी माझा हात इतका दाबला की बोटं आठवडाभर दुखत होती.

तेवढ्यात ठकूआजी पुढं झाली. तिनं तात्यांना एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि आपली पाटी त्यांच्या हातात दिली.

"मागं तुमीच बसनार न्हवं? मंग नीट धरा. आनि बारीक दळा म्हनावं."