उपरण्याखालची हळद

माझ्या बापाने – आबांनी – मला फसवलं. शब्द देऊन फसवलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळा समजायला नको. भूतखेत, करणी, भास... मी कधीच मानलं नाही. ज्या जनावराचे दात स्वतः बघता येत नाहीत, त्याचा मी भाव करत नाही.

महायुद्धाचा काळ. आम्ही शेवगावचे, बैलबाजारातले दलाल. थोरला भाऊ पलटणीत गेला, त्याचा पत्ता नाही. आई वारलेली. त्यात आबांच्या हाताला कंप सुटला. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. थरथरत्या हाताला कोण विचारतो? आबांना माझा हात हवा होता. मी सतरा वर्षांचा, शाळेत.

आई गेल्यावर अकोल्याच्या मामाची चंद्रा वर्षभर आमच्याकडे राहिली होती. चुलीपुढे बसून, पदराखाली माझा हात घेऊन, तिने बोटांचा भाव शिकून घेतला. मी कितीही बोटं धरली तरी म्हणायची, "एवढ्यात? मी काय म्हातारा बैल हाय व्हय?" आणि शेवटी करंगळीत करंगळी अडकवायची. म्हणजे सौदा पक्का.

मी आबांना म्हणालो, "शाळा सोडतो. पण मामाकडं चंद्राला मागनी घाला."

"दिला शब्द. ह्यो हंगाम काढ, मग जाऊ."

मी हंगाम काढला.

चैत्रातला बाजार, ऊन चढत होतं. आबा माझ्या मागेच बसलेले. पाथर्डीकडच्या व्यापाऱ्याशी उपरण्याखाली बोलणं चाललेलं. त्याने हात काढून घेतला आणि दोन्ही हातांनी बैलाचं वशिंड चाचपू लागला. मी ते बघत होतो... आणि उपरण्याखाली कुणीतरी माझा हात धरला. बारीक, ओलसर हात. करंगळीत करंगळी अडकली ती सुटेना.

मी ओरडलो. उपरणं खाली पडलं. कुणी नव्हतं. माझा तळवा मात्र पिवळाधमक – हळद!

"लेका, उपरन्यातच हळद लागली व्हय तुला?" व्यापारी हसला.

बैलाच्या जखमेची असेल, म्हणाल. त्याला जखमच नव्हती. मी पारखूनच बसलो होतो.

आबा हसले नाहीत. काय झालं, हेही विचारलं नाही. उपरण्याने माझा तळवा खसाखसा पुसला आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हळू म्हणाले, "जा पोरी, माघारी जा. न्हाई जमायचं आता."

चार दिवसांनी मामाकडचा गाडीवान आला, तेव्हा कळलं. त्याच सकाळी अकोल्यात चंद्राला हळद लागली, संध्याकाळी एका बिजवराशी लग्न. आबांना सगळं ठाऊक होतं. त्यांनीच मामाला परस्पर नकार कळवला होता. त्यांना मोठ्या व्यापाऱ्याची सोयरीक हवी होती. मामी पुढे सांगायची – हळद माखून झाल्यावर पोरीने उजवा हात पदराखाली घातला तो काढेनाच... आणि एकदम हमसून रडायला लागली.

पहिल्याच बाळंतपणात गेली.

मी वेगळा झालो, एकट्याने धंदा उभा केला, लग्न केलं नाही. त्या हळदीचा खुलासा मला आजही करता येत नाही. आबा आता खाटेवर आहेत. ऐकू येतं, बोलता येतं. विचारलं की भिंतीकडे तोंड फिरवतात. हे छापून आलं की त्यांच्या उशाशी बसून वाचणार आहे.

शब्द मोडलात, ते मी गिळलं. पण आबा, तुम्हाला ती दिसली होती! एवढ्या लांबून ती माझ्याकडे आली होती... तिला माघारी धाडणारे तुम्ही कोण? बोला.