किटलीच्या झाकणाची चिंधी

माझ्या रहस्यकादंबरीतला खुनी कोण, हे आमच्या गावात अजून फारसं कुणाला माहीत नाही. कुणाला ते जाणूनही घ्यायचं नाही. पुस्तक अर्ध्यावर आलं आणि गावाला जे हवं होतं ते सापडलं.

मी कोल्हापुरात बी.ए. करते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गाव बिद्रीच्या बाजूला. तिथं ऊस आणि म्हशी, दुसरं काही नाही. शिवाजी पेठेत आम्ही काही मुली मिळून एका खोलीत राहतो. खाली गल्लीत फुटबॉलवरून भांडणं चाललेली असायची आणि मी वर कॉटवर बसून मोबाइलवर कादंबरी टाइप करायची. दोन प्रकाशकांना पाठवली, उत्तर आलं नाही. मग ई-पुस्तक स्वतःच नेटवर चढवलं आणि पेठेतल्याच एका छापखान्यातून थोड्या प्रती काढून घेतल्या.

पहिल्या खर्ड्यात महाबळेश्वरचा बंगला होता आणि एक खानसामा होता. मी महाबळेश्वर पाहिलेलं नाही, खानसामाही नाही. मराठीच्या मॅडमनी तो खर्डा वाचला आणि म्हणाल्या, "जे पाहिलंयस ते लिही गं." मला ते एकदम पटलं. बंगला काढला आणि आमच्या गावची दूध डेरी घातली. तिचं पत्र्याचं शेड, दारातला लिंब, वजनकाट्याखाली झोपणारं कुत्रं, सगळं जसंच्या तसं. खून केला तो डेरीच्या चेअरमनचा. खरे चेअरमन धडधाकट आहेत. पुस्तक बघून ते हसले, "आम्हाला जरा लवकरच मारलंस की!"

रहस्यकथेत एक माणूस असा लागतो, की वाचकाला वाटावं हाच खुनी. तो खोटं बोलताना सापडतो, शेवटी मात्र निर्दोष ठरतो. माझ्या कादंबरीत ती एक म्हशीवाली बाई होती. पहाटे कुठं होतीस, या प्रश्नावर ती खोटं बोलते. तिच्या हातात मी एक किटली दिली. झाकण सैल, वाजू नये म्हणून जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं. ती किटली आमच्या शेजारच्या काकीची. मला ती चिंधी फार आवडायची. इतकी, की मुखपृष्ठावरही मी तिचाच फोटो घातला.

मी बारावीला असताना हीच काकी पहाटे धारा काढायला उठली की आमच्या खिडकीवर टकटक करायची. "ऊठ गं बाय, पुस्तक वाट बघतंय."

माझ्या वडिलांना, आबांना, पुस्तकाचा अभिमान फार. त्यांनी घरोघर पेढा आणि पुस्तक दिलं. एक प्रत डेरीत दुधाचं फॅट मोजायच्या मशीनशेजारी सुतळीनं बांधून ठेवली, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. संध्याकाळी रांगेत ज्याच्याकडं चष्मा असेल तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. हे आबांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी इतकी खूश झाले, की खोलीतल्या सगळ्यांना चहा करून पाजला.

पुढच्या शनिवारी घरी गेले. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "काकीचं काय लिवलंयस तू?"

"काकीचं नाही गं. ती पुस्तकातली एक बाई आहे."

"मग किटली कुनाची हाय?"

मी तांब्या खाली ठेवला. डेरीत काय झालं ते आईनंच सांगितलं. वाचणारे त्या बाईवर इन्स्पेक्टरचा संशय जातो तिथवर आले होते. ती दुधात पाणी घालते अशी गावात कुजबूज आहे, एवढं त्या पानावर होतं. तिथंच वाचन थांबलं. खून आमच्या गावात कुणी करत नाही, त्यामुळं खुनाचं कुणाला काही नव्हतं. पण पाणी कोण घालतं, हे मात्र प्रत्येकाला जाणून घ्यायचं असतं. आता काकी रांगेत आली की कुणीतरी विचारायचं, "काकी, आज बोअरचं का नळाचं?"

आबा म्हणाले, "शेवटी ती बाई सुटती न्हवं?"

"सुटते की."

"मग चल. शेवट वाच सगळ्यास्नी. मिटलं."

मलाही तसंच वाटलं. ती निर्दोष सुटते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

डेरीत रांग होती. काकी किटली घेऊन मधोमध उभी होती. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली, पण हसली नाही. आबांनी सगळ्यांना गप्प केलं. मी सुतळीला बांधलेलं पुस्तक उघडलं आणि इन्स्पेक्टरचं शेवटचं बोलणं वाचायला लागले. "ही बाई खुनी नाही. खून झाला तेव्हा ती तिथं नव्हतीच. ती घरामागं बोअरवर..."

तिथं मी थांबले. पुढचं मला आठवलं. ती बोअरवर किटलीत पाणी घालत होती. म्हणूनच ती खोटं बोलली आणि म्हणूनच ती सुटली. ही युक्ती सुचली तेव्हा मी खोलीत उड्या मारल्या होत्या.

"पुढं वाच की," कुणीतरी म्हणालं.

"वाच," काकी म्हणाली.

मी वाचलं.

"घ्या! सायबानं बी पकडलं!" शेडमध्ये एकच हशा पिकला. मी ओरडून सांगितलं, की हे सगळं मी मनानं रचलंय, काकीनं कधीच पाणी घातलेलं नाही. मागून एकजण म्हणाला, "डेरी खरी, लिंब खरा, कुत्रं खरं, आन् पानीच तेवढं खोटं व्हय गं?"

मी पुस्तक मिटलं.

काकीनं किटली काट्याजवळ ठेवली आणि चिंधी सोडता सोडता हळूच म्हणाली, "खून केला म्हनली असतीस तर बरं झालं असतं, पोरी. त्ये कुनी खरं मानलं नसतं."

कोल्हापुरात परत आल्यावर मी पुस्तक दुरुस्त केलं. स्वतःच छापलेल्या पुस्तकाचं हे एक बरं असतं, कुणाला विचारावं लागत नाही. त्या बाईला पहाटे मी देवळात पाठवलं. पुजारी साक्ष देतो, ती सुटते. नवी प्रत घेऊन मी काकीकडं गेले. ती गोठ्यात वैरण टाकत होती. तिनं हात पुसले, पण पुस्तक घेतलं नाही.

"ह्यात पानी न्हाय?"

"नाही, काकी. आता ती देवळात गेलेली असते."

"किटली हाय?"

"आहे."

"चिंधी?"

"...आहे."

"मग त्ये काढ. मला सोडीव म्हनलं न्हाय मी. मला काढ त्यातनं."

मी काढलं. मुखपृष्ठही बदललं. आता त्या बाईच्या हातात कसलीतरी किटली आहे, कुणाचीही असेल अशी. मॅडम म्हणाल्या, ती बाई आता डोळ्यासमोर उभी राहत नाही. डेरीतली प्रत आबांनी सुतळी कापून घरी आणली आणि कपाटावर टाकली. गावात वाटलेल्या बाकीच्या प्रती आहेत तिथंच आहेत.

काकीनं चिंधी परत बांधली नाही. मी घरी असले की संध्याकाळी ती आमच्या दारावरून डेरीकडं जाते. झाकण खडखडत असतं. पार रस्त्याच्या वळणापर्यंत ते ऐकू येतं.