चौदा दारांचा ताळमेळ

"काही केलं नाहीस ना?"

"नाही."

"कशालाही हात लावला नाहीस?"

"नाही हो बाई!"

"मग ही खिडकी बोटभर सरकली कशी?"

ही उलटतपासणी माझ्या काकूच्या ऑफिसात अधूनमधून चालते आणि समोर आरोपी म्हणून कुणी माणूस नसतो. कॉम्प्युटर असतो. दोन्ही बाजूंनी काकूच बोलते, आवाज बदलून. कॉम्प्युटरचा आवाज ती जरा रडवेला काढते.

काकू एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. वर जायला अरुंद जिना, दोन खोल्या, खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर दोन पडदे आणि चहाची किटली. एका पडद्यावर नकाशा, दुसऱ्यावर यादी. नकाशात भिंती, दारं, खिडक्या, कोण कुठे ते सगळं. यादीत त्याच इमारतीचं सामान: या मापाची इतकी दारं, त्या मापाच्या इतक्या खिडक्या. नकाशा साहेबांचा, यादी ठेकेदाराची. इमारत एकच.

पूर्वी या दोघांची तोंडं दोन दिशांना असत. साहेब नकाशात भिंत हलवत आणि यादीला सांगायचं विसरत. ठेकेदार बाजारात न मिळणारी खिडकी यादीत बदलून टाके आणि नकाशाला पत्ताच नसे. मग एखाद्या सकाळी खिडकी साइटवर येऊन उभी राही, आणि तिला बसायला भिंतच नसे. पाहुणी दारात आणि घराला कुलूप, तशी.

काकूने हा प्रकार थांबवला. नकाशे काढायला ती कॉलेजात शिकली होती, कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायला मात्र ती रात्री जागून नाही, तर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून शिकली. तिने कॉम्प्युटरसाठी नियम लिहिले. नकाशात दार वाढलं की यादीतला आकडा आपोआप वाढायचा. यादीत माप बदललं की नकाशातलं दार बदलायचं. वाट दोन्हीकडून चालू.

"जायची वाट सोपी असते गं," ती मला म्हणाली होती. "नकाशावरून यादी काय, कुणीही करेल. मोजायचं तर असतं. यायची वाट अवघड. यादीने निम्मं विसरलेलं असतं ना!"

म्हणजे दार डावीकडे उघडतं की उजवीकडे, बेडरूमचं की बाथरूमचं, यातलं यादीला काही ठाऊक नसतं. तिला फक्त माप आणि आकडा कळतो. म्हणून काकूचा पहिला नियम: यादीला जे माहीत नाही, त्याला यादीने हात लावायचा नाही. आणि रोजची परीक्षा अशी: काहीही न बदलता नकाशावरून यादी करायची, यादीवरून परत नकाशा करायचा आणि जुन्यावर नवा ठेवून बघायचा. याला ती 'जाऊन येणं' म्हणते. एक रेघ जरी हलली, तरी ती सापडेपर्यंत ऑफिसात कुणालाही चहा नाही. किटली तिच्या टेबलावर का असते, ते आता कळलं असेल.

ऑफिसात तिला ताळमेळबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर. आता साहेबांच्या फोनमध्येही ती याच नावाने आहे.

घरी मात्र तिची गाठ काकांशी. काका बस चालवतात, आणि नियम हा प्रकार त्यांच्या मते रस्त्यावर सोडून घरी यायचा असतो. दोघांच्या फोनवर बाजारहाटाची एकच यादी आहे. एकाने लिहिलं की दुसऱ्याला दिसतं. एका संध्याकाळी काकू बाथरूममधून ओरडली.

"अहो, साबण कुठाय?"

"नव्हता दुकानात."

"मग यादीतून पुसलात का?"

"नव्हता म्हणून पुसला. उगाच लोंबकळत कशाला ठेवायचा?"

"अहो, पुसला म्हणजे आणला!"

"तुझ्या फोनवर. माझ्या फोनवर पुसला म्हणजे विषय संपला."

काकू भांडायच्या पवित्र्यात बाहेर आली, पण हातातल्या रिकाम्या साबणदाणीकडे बघत मधेच थबकली.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "पुसायच्या आधी कुणीतरी विचारायला हवं होतं, की का पुसताय."

काका मला म्हणाले, "ऐकलंस? इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा खरंय तुमचं म्हणाली. तेही साबणापायी."

तेव्हापासून त्या यादीत आणलेल्या वस्तूपुढे एक खूण आणि न मिळालेल्या वस्तूपुढे दुसरी. काकांनी कुरकुर करत का होईना, पाळलं. पण घरात शिकलेली गोष्ट ऑफिसात न्यायची राहून गेली, आणि तिथेच काकू फसली.

त्याच सुमारास ऑफिसात डॉक्टरबाईंचं काम आलं. त्या हाडं-सांध्यांच्या व्यायामाच्या डॉक्टर, स्वतः चाकाच्या खुर्चीवर. नवीन दवाखाना बांधायचा होता. ऑफिसच्या जिन्यावरून त्यांना वर येता येईना, तर साहेब आणि काकू खाली उतरले आणि नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. वारा सुटलेला. काकूने चारी कोपऱ्यांवर किल्ल्या, चष्म्याची पेटी, साहेबांचा फोन असं हाताला लागेल ते ठेवलं.

"छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता मला सांगा, यात मी कुठे आहे?"

"ही तपासणीची खोली, हा व्यायामाचा हॉल, हे इकडे..." साहेबांची पेन्सिल फिरू लागली.

"ते सगळे पेशंट झाले. मी कुठे आहे?"

पेन्सिल थांबली.

"सध्याच्या भाड्याच्या जागेत बाथरूमचं दार अरुंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा. "खुर्ची आत जात नाही. म्हणून सकाळी घरून निघाले की परत घरी पोचेपर्यंत मी पाणी पीत नाही. आणि दिवसभर पेशंटना सांगत असते, पाणी प्या, भरपूर पाणी प्या."

त्या हसल्या.

त्याच दुपारी नकाशात कोपऱ्यावर एक खोली वाढली: डॉक्टरबाईंची, लागून बाथरूमसकट. साहेब जोशात म्हणाले, "सगळीच दारं रुंद करू. चौदाच्या चौदा!" डॉक्टरबाईंच्या खोलीचं आणि बाथरूमचं, ही दोन दारं सगळ्यांत शेवटी काढली, म्हणून त्यांचे नंबर तेरा आणि चौदा.

बांधकाम निम्म्यावर आलं आणि ठेकेदाराचा फोन आला. माणूस चांगला, पण कानापासून हातभर लांब धरूनच ऐकावा असा.

"ताळमेळबाई! दोन चौकटी वाकड्या आल्यात! दुसऱ्या मिळायला महिना-दोन महिने लागतील! दोन जागी मधल्या मापाच्या बसवल्या तर साहेबांना चालेल का, विचारा!"

साहेब शेजारच्या खोलीतून म्हणाले, "चालेल की. दोन खोल्या नुसत्या सामानाच्याच आहेत. दोघींना कशाला रुंद दारं?"

काकूने ऐकलं. ठेकेदारानेही फोनवर ऐकलं. आणि ठेकेदाराने आपल्या यादीत नेमकं तेच केलं: रुंद बारा, मधल्या मापाची दोन. यादी सरळ नकाशाकडे परत आली. आता नकाशाला ठरवायचं होतं, चौदातली कुठली दोन दारं लहान करायची? यादीत ते नव्हतं. असू शकतच नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते काकूने फार पूर्वी, एका घाईच्या कामात लिहून ठेवलं होतं: शेवटची दोन. नेहमीच्या घरांत शेवटचे नंबर अडगळीच्या खोल्यांचे असत, म्हणून ते आजवर खपून गेलं होतं.

काकूने बदललेल्या नकाशावर जाऊन येणं करून बघितलं. एकही रेघ हलली नाही. सगळं जुळलं. सगळ्यांना चहा मिळाला.

नंतर एका सकाळी काकूचा फोन वाजला.

"ताळमेळबाई, मी साइटवर आहे," डॉक्टरबाईंचा आवाज शांत होता. "माझ्याकडच्या कागदावर मी आत जाते. इथे नाही जात."

काकू आणि साहेब पोचले तेव्हा डॉक्टरबाई कोपऱ्यावरच्या खोलीच्या चौकटीसमोर होत्या. चाकावर हात, आणि बोटांच्या सांध्यांवर ताजं खरचटलेलं. एकदा प्रयत्न करून झाला होता.

"मी यादीप्रमाणे केलं!" ठेकेदाराने आधीच हात वर केले. "आणि सुताराने नकाशाप्रमाणे!"

साहेबांनी फोनवर नकाशा उघडला. "नकाशातही हेच आहे," ते पुटपुटले. "दोन्ही जुळतंय."

"जुळतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्याशी सोडून सगळ्यांशी."

"मी काय म्हणतो," ठेकेदार आवाज खाली आणायचा प्रयत्न करत म्हणाला, "आता गिलावाही झालाय. त्यापेक्षा खुर्चीचंच बघितलं तर? जरा अरुंद मिळतात म्हणे हल्ली."

"मिळतात ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही बसून बघा एकीत. मग पाणी पाजते तुम्हाला, हवं तितकं."

ठेकेदार गप्प झाला. हे फार कमी लोकांना जमलंय.

काकू सांगते, त्या क्षणी तिला मागच्या मागे सटकून घरी जावंसं वाटलं. पण ती पुढे झाली. "चूक यांची नाही, सुताराची नाही. नियम माझा आहे. कुठली दोन दारं ते यादीने सांगितलं नाही आणि माझ्या नियमाने न विचारता उत्तर देऊन टाकलं."

"बरं, मग?" ठेकेदार म्हणाला. "चूक सापडली, पण रुंद चौकट सापडली का? बाजारात नाहीच ती!"

"बाजारात कशाला? इथेच बारा आहेत." काकूने गवंड्याकडून खडू मागून घेतला. "डॉक्टरबाई, चला माझ्याबरोबर. एकेका दाराशी थांबायचं आणि मला सांगायचं, इथून कोण जाणार."

दोघी निघाल्या. विटांच्या तुकड्यांतून खुर्ची खडखडत होती, काकू पुढे जाऊन वाट मोकळी करत होती.

"हे?"

"पेशंट. कुबड्या घेऊन."

"हे?"

"व्यायामाची यंत्रं. शिवाय मी."

"आणि हे?"

डॉक्टरबाईंनी आत डोकावलं. "चादरी आणि टॉवेल. टॉवेलला कशाला एवढं रुंद दार? पालखीतून नेणार आहात?"

काकूने चौकटीवर फुली मारली. पुढची फुली जुन्या फायलींच्या खोलीवर पडली. दोन फुल्या पुरे होत्या. तिथल्या चौकटी इकडे, इकडच्या तिकडे.

ठेकेदाराने मनातल्या मनात हिशेब केला आणि त्याचा चेहराच बदलला. "म्हणजे यादीत बदल काय करू?"

"काहीच नाही. रुंद बारा, मधली दोन. यादी आधीही बरोबर होती, आताही बरोबर आहे."

"मग सगळं फुकट फोडायचं? यादी तीच राहून?"

"भिंत यादीसाठी नाही हो बांधत आपण," काकू म्हणाली. ठेकेदार डोकं खाजवत कामगारांना हाका मारायला गेला. पुटपुटत गेला, पण गेला.

त्या संध्याकाळी जेवताना काकूने घास हातातच धरून ठेवला. "जुळत होतं हो सगळं. रेघसुद्धा हलली नव्हती."

"साबणासारखं?" काकांनी विचारलं.

"साबणासारखं," काकू म्हणाली आणि घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी तिने 'शेवटची दोन' हा नियम पुसला. आता यादी परत आली आणि कुठलं दार ते कळत नसलं, की काम थांबतं आणि पडद्यावर प्रश्न येतो: कुठलं? प्रत्येक दाराला नकाशात एक जागा वाढली आहे, यादीला कधी न दिसणारी. तिथे लिहायचं, इथून कोण जाणार. साहेबांना हे जड गेलं.

"ताळमेळबाई, दर वेळी विचारत बसलात तर काम अडेल."

"अडू दे, साहेब. विचारायला फोन लागतो. न विचारल्याचं निस्तरायला छिन्नी-हातोडा लागतो."

साहेब हसले आणि त्यांनी चहाचा कप पुढे केला. तिने ओतला.

काकूमध्ये मला हेच फार आवडतं. चूक झाली की माणसं एक तर रडतात नाहीतर दुसऱ्याकडे बोट दाखवतात. काकू खडू मागते. आणि जिला आपल्या चुकीने खरचटलं, तिलाच सोबत घेऊन दारोदार फिरते.

दवाखाना तयार झाला. उघडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी काकूला बोलावून घेतलं. रंगाचा वास अजून उतरला नव्हता, फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती. डॉक्टरबाई कोपऱ्यावरच्या खोलीच्या दारातून आत गेल्या. मग बाथरूमच्या दारातून. दार आतून लागल्याचा आवाज आला. काकू बाहेर उभी.

कडी निघाली. चाकं चौकटीला न शिवता बाहेर आली.

"गेले आणि आले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाला हाक मारावी लागली नाही."

मग त्यांनी आपल्या नव्याकोऱ्या टेबलाकडे खुर्ची वळवली. टेबलावर एक तांब्या झाकून ठेवलेला होता. त्यांनी पेला भरला, काकूला दिला नाही, स्वतःच्या तोंडाला लावला. भर दुपारी, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. आणि दुसरा पेला भरला.