इस्त्रीच्या टेबलावरचं एल आणि ला

कल्पना करा, हातात तापलेली इस्त्री आहे, समोर हॉटेलातल्या कपड्यांचा ढीग, आणि प्रत्येक कपडा उचलताना आधी ठरवायचंय: हा 'एल' की ही 'ला'? स्पॅनिशमध्ये नामाआधी असा एक शब्द लागतोच. ओळखीची वस्तू असेल तर बाप्याला एल, बाईला ला; कुठलीतरी एक असेल तर उन किंवा उना. सदरा तिकडे बाई, ला कामिसा. आणि बाईचा झगा बाप्या, एल वेस्तिदो!

"काय उफराटा कारभार!" शेजारी घड्या घालणारी मैत्रीण हसायची. "आणि आपलं 'ते' कुठे गेलं?"

"तिकडे 'ते' नाहीच. टेबलालासुद्धा बाई व्हावं लागतं," इस्त्री फिरवणारी सांगायची.

धुलाईखात्यात सगळे जिला मावशी म्हणत, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काही हौसेनं शिकत नव्हती. परदेशी कामाला गेलेला तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. मागे तिकडचीच सून आणि सहा वर्षांची नात. नातीला आपली भाषा येत नाही. फोनवर सून, नवऱ्याकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत, एकीचं दुसरीला सांगायची. एकदा वैतागून म्हणाली, "आई, मी मधे किती दिवस बसू? तुम्ही बोला तिच्याशी. नाही तर राहू दे."

त्या 'राहू दे'च्या दुसऱ्या दिवसापासून मावशीनं स्पॅनिश घोकायला घेतलं.

चार महिन्यांनी एका रविवारी सून नातीसमोर फोन टेकवून आत निघून गेली. मावशी पडद्यावर दिसेल त्याकडे बोट दाखवून नाव सांगू लागली. खुर्ची, ला सिया. बरोबर. दिवा, एल लांपारा.

"ला! ला!" नात खिदळली.

आपला दिवा 'तो', म्हणून जीभ घसरली होती. पण अकरा मिनिटं झाली तरी पोर समोरून हलली नव्हती. मावशी हरखून गेली.

मग तिचं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. मागच्या महिन्यापर्यंत तिथे मुलाचा फोटो होता. आता नुसता खिळा.

"ला फोतो?" तिनं बोट दाखवलं.

नातीनं वळून पाहिलं, नाही म्हणून मान हलवली, आणि ढ मुलाला समजवावं तशी सावकाश म्हणाली, "ला पारेद." भिंत.

मावशीनं पुन्हा विचारलं. पोर पुन्हा म्हणाली, भिंत. मग कंटाळून उठून गेली.

"बोलली का गं नात?" सोमवारी मैत्रिणीनं विचारलं.

"बोलली की." मावशी चादर सरळ करत राहिली. "फोटो सुनेनं काढला असेल. तरुण आहे, पुन्हा घर मांडायचं असेल, तिला मी काही म्हणणार नाही. पण मला सांग, तिथे कोण होतं, हे पोरीला आठवत असेल का?"