माझ्याच झुरक्याला न पेटणारं व्हेप

फोरमच्या या धाग्यावरचे भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर वाचते, आणि बहुतेकांच्या शेजारी मनातल्या मनात 'वायरिंग', 'अपुरी झोप' किंवा 'मांजर' असं लिहून पुढे जाते. त्यामुळे आज स्वतःच इथे लिहायला बसलेय याची थोडी लाज वाटते आहे. मी कधी कुंडली बघितली नाही, दृष्ट काढून घेतली नाही, आणि स्वतःच्या लग्नात गुरुजींना मंत्रांचा अर्थ विचारत बसल्यामुळे सासरची मंडळी पहिल्याच दिवशी दुखावली होती. माझी ओळख म्हणून एवढं पुरे.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहतो. मी एका औषध कंपनीत इन्हेलर तपासते. दम्याच्या पेशंटने तोंडाला लावून श्वास ओढला की औषध सुटतं का, पुरेसं सुटतं का, एखाद्या थकलेल्या आजोबांच्या श्वासालाही सुटतं का — हे बघणं माझं काम. हे मुद्दाम सांगतेय. जे घडलं ते नेमकं याच विषयात घडलं. एखाद्या सुताराला खुर्चीने बसू दिलं नाही तर तो जितका चिडेल, तितकी मी चिडले होते.

आणि मी सिगरेट ओढायचे. पुण्यात हॉस्टेलवर लागलेली सवय. घरात विनयला, म्हणजे नवऱ्याला, माहीत होतं. बाहेर फारसं कोणाला नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ढोल-ताशा, पालखीवर घिरट्या घालणारा ड्रोन, एकमेकांना शाल-श्रीफळ देणारी कमिटी असा सगळा थाट असतो. मंडळातली खरी बोलणी मात्र शाळेच्या हॉलमागे, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपाशी व्हायची. तिथे आम्ही दोघी-तिघी पैठणीचा पदर खोचून, वाऱ्याची दिशा बघून उभ्या असायचो, आणि मग बडीशेप चावत आरतीला परत.

गेल्या वर्षी डेंटिस्टला माझ्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासला. रिपोर्ट चांगला आला... "सध्या," असं ती म्हणाली. चट्टा तसाच आहे, दर काही महिन्यांनी बघायचा, आणि तंबाखू आजपासून बंद.

माझी आई तोंडाच्या कॅन्सरने गेली. तेव्हा मी कॉलेजात होते. इचलकरंजीला आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका मिश्री लावायच्या — कुठे कुठे मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि दात घासण्याच्या नावाखाली ती हिरड्यांना लावत निवांत बसायचं. घरोघरी पत्र्याची डबी. एकमेकींना चिमूट देण्यात काही गैर नव्हतं, पण आमची आई पोरींच्या बाबतीत कडक. मी जवळ गेले की डबी पदराआड जायची. "हात लावशील तर बघ," एवढंच. शेवटी तिचा जबडा उघडेना. आम्ही तिला नळीने पेज द्यायचो.

त्यामुळे मला सिगरेट सोडणं भागच होतं. निकोटिनचं च्युइंगम मी आधी करून बघितलं होतं. उचक्या लागायच्या आणि च्युइंगम चघळत सिगरेट ओढली जायची. मग ठरवलं की आधी धूर बंद करू, निकोटिन मागाहून. म्हणजे व्हेप, ती बॅटरीवरची ई-सिगरेट. डेंटिस्टने भुवया उंचावल्या. तेही काही निर्दोष नाही, म्हणाली, शिडी म्हणून वापरणार असशील तर वर चढून शिडी टाकून दे. आमची लेक ईशा शार्लटला नोकरी करते, ती फोनवर म्हणाली, "आई, जस्ट क्विट. लाइक, अ नॉर्मल पर्सन." नॉर्मल माणसं कशी सोडतात ते विचारायचं राहून गेलं.

दुकानातल्या दाढीवाल्या पोऱ्याने मला मोठ्या आदराने 'मॅम' म्हणत एक वस्तू दाखवली. रिचार्जेबल डिस्पोजेबल. म्हणजे फेकून द्यायची, पण त्याआधी चार्ज करत राहायची. या विशेषणांचा संसार कसा चालतो असं मी विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की आत रस भरपूर असतो आणि बॅटरी त्याआधी संपते, म्हणून खाली फोनसारखं चार्जिंगचं भोक. वस्तू साबणाच्या वडीएवढी, निळी-जांभळी. ओढलं की तिच्या छोट्याशा पडद्यावर रॉकेट उडतं. एक व्यसन सोडायला निघालेल्या मध्यमवयीन बाईला रॉकेट कशासाठी लागतं कोण जाणे. चव मँगो आइस. बटण नाही, ओढलं की आतल्या सेन्सरला हवेचा दाब कळतो आणि तार तापते. हे मला त्याच्यापेक्षा बरं माहीत होतं.

मी ठरवलं की हे काम नीट करायचं. रोजच्या वापराला ही वस्तू पुरते का — चार्ज टिकतो का, पर्समध्ये गळते का, घशाला समाधान मिळतं का, आणि मुख्य म्हणजे सिगरेटची आठवण बुजते का. कोणत्याही इन्हेलरला लावते त्याच कसोट्या.

पहिल्याच कसोटीला गाडी अडली. मी ओढलं, काही नाही. जोरात ओढलं, हळू ओढलं. रॉकेट जागचं हललं नाही.

दुकानात परत गेले. दाढीवाल्याने तोंडावर कागदी नळी बसवून ओढलं — लगेच दिवे, रॉकेट, आंब्याचा ढग. मी ओढलं — काही नाही. त्याने दुसरं दिलं. तेही त्याच्याकडे चाललं, माझ्याकडे नाही. तिसरं वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या रंगाचं, रॉकेट मात्र त्यावरही. तोच प्रकार. मागे रांगेत उभी असलेली एक बाई हसायला लागली, तिच्याकडे दिलं, तिने ओढलं, चाललं. दाढीवाला म्हणाला, "मॅम, इट जस्ट डझन्ट लाइक यू," आणि पैसे परत करायला निघाला. मी पैसे घेतले नाहीत. तिसरं व्हेप घेऊन घरी आले. ते पण मँगो आइसच होतं.

आता तुम्ही म्हणाल, तुमचा श्वास कमी पडत असेल. मीही तेच म्हटलं. आमच्याकडे पेशंटचा श्वास मोजायला हातात धरायचं साधं मीटर असतं. ते घरी आणलं. काटा दणकून वर. इन्हेलर सोडा, या फुप्फुसांनी सायकलची ट्यूब रिकामी होईल. विनयने आयुष्यात सिगरेटला हात लावलेला नाही. त्याला ओढायला लावलं. त्याने ओढलं, रॉकेट उडालं, आणि तो पाच मिनिटं खोकत मला नागपुरी शिव्या देत बसला. मी — काही नाही.

मग मला टर्की बॅस्टर आठवलं. काचेची नळी आणि वर रबरी फुगा, टर्की पक्षी भाजताना सुटलेला रस ओढून परत त्याच्यावर सोडायला. एका थँक्सगिव्हिंगला उत्साहाच्या भरात आणलेलं; आलेली सगळी माणसं शाकाहारी निघाली होती. फुगा दाबायचा, नळी व्हेपला घट्ट लावायची, फुगा सोडायचा. रॉकेट उडालं. काचेच्या नळीत पांढरा ढग भरला. परत केलं, परत उडालं. किती वेळा केलं विचारू नका... विनय दारात उभा राहून बघत होता.

"म्हणजे ते फुग्याला ओढू देऊन राहिलं," तो म्हणाला, "तुलाच नाही."

"सेन्सरचा काहीतरी प्रॉब्लेम आहे."

"सेन्सरला तू कोण ते कसं कळते?"

मी परत फुगा दाबला. मग तो सावकाश म्हणाला, "सासूबाई डबी लपवायच्या ना तुझ्यापासून?"

मी त्याला म्हटलं, असलं परत बोललास तर तुला मंडळाच्या कमिटीवर घालीन. तो गेला. पण सांगते, त्या दिवसांत मी सिगरेट ओढली नव्हती. हट्टच असा पेटला होता की आधी हे यंत्र चालवून दाखवीन, मग दुसरं बघू. तलफ आली की मी ते व्हेप ओढायचे. ते चालायचं नाही. मी आणखी ओढायचे.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. ईशा आदल्या दिवशीच आली होती आणि वर झोपली होती. विनय ओट्यापाशी पोहे करत होता. मी घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर खुर्ची टाकून बसले होते. व्हेप समोर टेबलावर, माझ्यापासून हातभर लांब. दोन्ही हात चहाच्या मगाभोवती.

ते पेटलं.

घाबरण्याचं काही नाही, ओढल्याशिवाय पेटणं हा या यंत्रांचा माहीत असलेला दोष आहे. ओलावा गेला, तापमान बदललं, की सेन्सर फसतो. मी हे सगळं स्वतःला शांतपणे सांगितलं. रॉकेट उडालं. थांबलं. परत उडालं. कोणीतरी निवांत बसून, घाई न करता ओढावं तसं. व्हेपच्या तोंडाशी बारीक धूर दिसत होता.

आणि मग वास आला. आंब्याचा नाही. तव्यावर भाजणाऱ्या तंबाखूचा... कडू, जाड, घशात खवखवणारा. तो वास मी आई गेल्यापासून घेतलेला नव्हता. आठवणीतला वास असेल म्हणून मी चहाचा घोट घेतला. वास आठवणीत येतात, हे मलाही माहीत आहे.

पण विनय कालथा हातात घेऊन बाहेर आला. "तवा कोणी ठेवला गॅसवर? काय जाळून राहिली तू?" आत तवा नव्हता. पोह्यांची कढई होती, आणि त्यात काही करपलेलं नव्हतं. त्याला ठसका लागला. मी विचारलं, कसला वास येतोय? तो डोळे पुसत म्हणाला, "तंबाखू भाजल्यासारखा. मातीसारखा पण. काय आहे हे?" त्याच्याकडे, नागपूरला, सुपारी-तंबाखूचा खर्रा खातात, मिश्री कोणी भाजत नाही. त्याला तो वास माहीत असायचं काही कारण नव्हतं.

तेवढ्यात ईशा जिन्यावरून खाली आली, नाकावर टी-शर्ट धरून. "आई, व्हॉट इज दॅट? डिड समथिंग डाय इन देअर?"

मी उठले आणि व्हेप उचललं. माझी बोटं लागताक्षणी दिवा गेला. मी ते तोंडाला लावलं, दोघांच्या देखत, आणि होतं नव्हतं तेवढं सगळं बळ लावून ओढलं. काही नाही.

हे लिहिताना अवघड वाटतंय, पण मी तेव्हा बोलले. कोणाशी ते मला विचारू नका. मी म्हणाले, "ठीक आहे. पण मी सोडतेय ती माझ्या मनाने सोडतेय."

ईशाने विनयकडे बघितलं. विनय पोहे बघायला आत गेला. वास हळूहळू विरला.

त्या दिवसापासून मी काहीही ओढलेलं नाही, आणि च्युइंगमही नाही. पहिले काही आठवडे घरातल्या माणसांनी ज्या शांतपणे काढले त्याबद्दल त्यांनाच शाल-श्रीफळ द्यायला हवं. चट्टा या खेपेला लहान झालेला दिसला. त्याला स्पष्टीकरण आहे: तंबाखू बंद. बाकीच्याला मी शोधत राहिले.

सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण जळक्या कापसाचं. आत रस भिजवून ठेवणारा कापूस असतो; तो कोरडा पडून जळला तर घाण वास येतो. म्हणून मी परत त्या दुकानात जाऊन नवीन, तेच, मँगो आइस आणलं. दाढीवाल्याने मला ओळखलं आणि काही विचारलं नाही. डेकवर बसून बॅस्टरने ते पार कोरडं पडेपर्यंत चालवलं, मग आणखी चालवलं, कापूस जळेपर्यंत. विनयला डोळे मिटून वास घ्यायला लावलं. चिंधी जळल्यासारखा, तो म्हणाला. "त्या दिवशीचा हा नाही." मला आधीच कळलं होतं.

त्याच्या जोडीला म्हणून दुसरं एक आणलं होतं, तुलना करायला. ते भरलेलं, चार्ज केलेलं, बॅस्टरला व्यवस्थित चालणारं. सगळ्या चाचण्या झाल्या, एकच उरली: ते माझ्या तोंडाला लावून बघायचं. चालतंय की नाही, एका श्वासाचं काम. ते हातात धरून मी बराच वेळ बसले. चाललं असतं तर मी परत ओढलं असतं, आणि त्या एका झुरक्यानंतर मी थांबले असते असं मला तरी वाटत नाही. चाललं नसतं तर... मग मला हा धागा निराळ्या नजरेने वाचावा लागला असता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकही चाचणी अर्धवट सोडलेली नव्हती. ही सोडली.

बॅटरी असल्यामुळे ती यंत्रं कचऱ्यात टाकता येत नाहीत. काउंटीच्या केंद्रावर नेऊन द्यावी लागतात, जुने रंग आणि टीव्ही घेतात तिथे. पिवळ्या जॅकेटमधल्या माणसाने माझी पिशवी उघडली, भरलेलं व्हेप बाजूला काढलं, आणि विचारलं की हे अजून चालतं का.

मी म्हटलं, मला माहीत नाही.